पहिली वीस मिनिटं : सुगंधी तेलं आणि डास, प्रकल्पाच्या नोंदी

३ फेब्रुवारी
विषय मंजूर झाला. अर्जात ‘वनस्पतिजन्य सुगंधी तेलांची डासप्रतिबंधक क्षमता’ असं भारदस्त नाव दिलंय. मॅडमनी अर्ज वाचून एकच प्रश्न विचारला : “डास पळतो हे दाखवणार आहात, की किती वेळ पळतो ते?” पहिल्या गोष्टीसाठी प्रकल्प लागतच नाही, असं त्यांचं म्हणणं. उग्र वासाचं तेल ताजं ताजं चोपडलं की डास बिचकणारच. त्यामुळे वहीत रकाने आखले ते तीनच : तेल कोणतं, दर चौरस सेंटिमीटरला किती, आणि पहिला डास टेकायला किती वेळ लागला.

तेलं ठरली : गवती चहा, सिट्रोनेला (गवती चहाच्याच कुळातलं गवत), लवंग, पुदिना आणि लिंबू-निलगिरी. जोडीदारीण कडुनिंबासाठी अडून बसली होती. पण कडुनिंबाचं तेल बिया पिळून काढतात, ते स्थिर तेल आहे, हवेत उडत नाही. त्यातल्या ॲझाडिरॅक्टिनचं काम मुख्यतः किडीचं खाणं आणि वाढ रोखण्याचं. लांबून वास घेऊन डास मागे फिरणं ही निराळी भानगड आहे. कडुनिंब बाद.

५ फेब्रुवारी
वाचनाचा दिवस. या विषयात सगळे जिथे येऊन थांबतात तो २००२ सालचा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला फ्रॅडिन आणि डे यांचा लेख. पिंजऱ्यात एडिस इजिप्टायच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या, माद्या सोडायच्या, मलम लावलेला हात आत घालायचा आणि पहिला चावा होईपर्यंतची मिनिटं मोजायची. २३.८ टक्के डीटने, म्हणजे नेहमीच्या रासायनिक डासरोधकाने, सरासरी ३०१.५ मिनिटं काढली. दोन टक्के सोयाबीन तेलाचं एक उत्पादन ९४.६ मिनिटं टिकलं. बाकीची वनस्पतिजन्य उत्पादनं, सिट्रोनेलासकट, सरासरी वीस मिनिटंही टिकली नाहीत. मनगटी पट्ट्यांनी तर काहीच केलं नाही.

म्हणजे आमच्या प्रकल्पाचं उत्तर एका अर्थी तिथेच लिहून ठेवलंय. जोडीदारीण जरा खट्टू झाली. मला मात्र आता खरा प्रश्न सापडला असं वाटतंय : वीसच मिनिटं का? आणि ती वाढवायची तर पकडायचं कुठे?

डीट म्हणजे काय ते इथेच लिहून ठेवते. अमेरिकी सैन्यासाठी १९४६ मध्ये तयार झालं, १९५७ पासून सामान्य लोकांच्या हाती आलं. वास फारसा नाही, उडायला जड. आमची मोजपट्टी तीच राहील. प्रत्येक चाचणीत एका बाजूला वीस टक्के डीट, दुसऱ्या बाजूला नुसतं इथेनॉल.

६ फेब्रुवारी
एडिसची अंडी आली. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या डासांची. गाळणकागदाच्या पट्टीवर काळे ठिपके दिसतात, एवढंच. एडिसची अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की उमलतात. उकळून गार केलेल्या पाण्यात पट्टी बुडवली. उकळल्यामुळे पाण्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि तोच अंड्यांना उमलण्याचा इशारा असतो.

बाहेरच्या डबक्यातल्या अळ्या आणल्या असत्या तर काम सोपं झालं असतं. मॅडमनी साफ नकार दिला. डेंग्यूचा विषाणू मादीकडून अंड्यांत उतरू शकतो. प्रमाण कमी असलं तरी शून्य नाही. प्रयोगशाळेतले डास असूनही चावून घ्यायचं नाही, ही त्यांची दुसरी अट.

१० फेब्रुवारी
गवती चहाचं ऊर्ध्वपातन. पानं कापून फ्लास्कमध्ये, वर पाणी, त्यावर क्लेव्हेंजरची नळी (तेल आणि पाणी वेगळं करणारी) आणि संघनक. उकळी आल्यावर पहिले काही क्षण नुसती वाफ. मग नळीच्या अरुंद भागात, पाण्याच्या वर, फिक्या पिवळ्या तेलाचा पातळ थर धरू लागला. प्रत्येक थेंब खाली पडताना पाण्यात बुडतो, तिथे मोकळा होतो आणि त्यातलं तेल बारीक मण्यांसारखं वर चढतं. खोलीभर वास. आम्ही दोघी नळीकडे टक लावून बसलो होतो.

अर्धा किलो ओल्या पानांतून चमचाभर तेलसुद्धा निघालं नाही. गवती चहात वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेरच तेल असतं, त्यामुळे आश्चर्य नाही. पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते. कुंडीत गवती चहा किंवा सिट्रोनेला लावला म्हणजे डास फिरकत नाहीत, हे सर्रास ऐकू येतं. एवढंसं तेल पानाच्या पेशींत बंद असतं. पान चुरगाळलं नाही तर ते हवेत येणार कुठून? झाड उभं असतं आणि डास त्याच्याच पानाखाली सावलीला बसतो.

पाण्याच्या थरालाही वास आहे, पण त्यात तेल नगण्य. ते टाकून दिलं.

१२ फेब्रुवारी
लवंग. इथे कंजूषपणा नाही, चांगल्या लवंगेत पंधरा-वीस टक्के तेल निघतं. गंमत अशी की ते पाण्यापेक्षा जड. परवाच्या नळीत तेल वर जमा झालं होतं, आज तळाशी बसायला लागलं आणि परतीच्या वाटेने पुन्हा फ्लास्कमध्ये जायला लागलं. जड तेलांसाठीची वेगळी नळी लावून काम पुढे नेलं. लवंगतेलात बहुतांश युजेनॉल असतं, त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २५४ अंश. सिट्रोनेला तेलातल्या सिट्रोनेलालचा सुमारे २०७. हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलेत.

सिट्रोनेला आणि लिंबू-निलगिरीचं तेल विकतचं घेतलं. सिट्रोनेलाचे दोन प्रकार असतात, सिलोन आणि जावा. जावा प्रकारात सिट्रोनेलाल आणि जिरानिऑल जास्त, म्हणून तो घेतला. बाटलीवर ‘शंभर टक्के शुद्ध’ लिहिलेलं असतं, पण प्रकार कोणता ते लिहिण्याची तसदी फारसं कोणी घेत नाही.

तेलं काचेच्याच, गडद बाटल्यांत ठेवायची. एका पातळ, पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात लवंगतेलाचे थेंब राहिले होते. थोड्या वेळाने पेला त्या जागी धुरकट होऊन बोटाला चिकटायला लागला. पॉलिस्टायरीन या तेलांत विरघळतं.

१७ फेब्रुवारी
अळ्या चौथ्या अवस्थेत. ट्रेवर हात धरला की सावली पडताच सगळ्या वळवळत तळाला जातात आणि हळूहळू श्वासनळी वर करून पृष्ठभागाला लटकतात. काही कोष झालेत. कोष खात नाहीत, पण स्वल्पविरामाच्या आकाराचे हे जीव पळतात मात्र जोरात.

१९ फेब्रुवारी
पहिले प्रौढ बाहेर आले, अपेक्षेप्रमाणे बहुतेक नर. नर ओळखायला भिंग लागत नाही, मिशा झुबकेदार असतात. चावणारी फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्तातली प्रथिनं हवीत. नर-मादी दोघांनाही पोटापुरती साखर लागते. पिंजऱ्यात साखरपाण्याचे बोळे ठेवले. चाचणीच्या आदल्या रात्री ते काढून घ्यायचे, म्हणजे माद्या भुकेल्या राहतील.

२५ फेब्रुवारी
पहिली खरी चाचणी. जाड हातमोज्याला मनगटाजवळ चौकोनी खिडकी कापली आणि तीवर दोन जाळ्या, मध्ये थोडं अंतर ठेवून. डासाला वास आणि ऊब पोचते, सोंड पोचत नाही. तेल खालच्या जाळीवर लावायचं. त्यामुळे आम्ही ‘पहिला चावा’ मोजत नाही, ‘पहिलं टेकणं’ मोजतो. एक तडजोड मान्य करायला हवी : त्वचा तेल शोषून घेते, जाळी घेत नाही. आमची मिनिटं कातडीवरच्या मिनिटांशी तंतोतंत जुळणार नाहीत. तेलांची आपसातली तुलना तेवढी खरी.

नुसत्या इथेनॉलच्या खिडकीवर हात आत गेल्या गेल्या झुंबड. मग गवती चहा. हात आत घातला तशा माद्या उठल्या, खिडकीकडे आल्या आणि तीनचार सेंटिमीटरवर येऊन वळल्या. एक मादी दोनदा अगदी टेकायला आली, पुढचे पाय जाळीला लागले आणि ठिणगी लागल्यासारखी उडाली. बघताना फार भारी वाटतं. इथेच थांबलं तर वाटेल, डीटची गरज काय?

अर्ध्या तासाच्या आत तीच मादी, किंवा तिची बहीण, खिडकीवर निवांत बसून सोंडेने जाळी चाचपत होती. आम्हाला मात्र वास अजून चांगलाच येत होता.

२७ फेब्रुवारी
सगळ्या तेलांची पहिली फेरी संपली, मात्रा सारखी ठेवून. सगळ्यात लवकर पुदिना बसला. गवती चहा आणि सिट्रोनेला साधारण बरोबरीत. लवंग त्या दोघांपेक्षा स्पष्टपणे जास्त टिकली. डीटची खिडकी संध्याकाळपर्यंत रिकामी होती, शेवटी आम्हीच थकून हात काढला.

क्रम पाहिला तर उत्कलनबिंदूंचा क्रम आणि टिकण्याचा क्रम जवळजवळ एकच. लवकर उडणारं लवकर हरतं. पण डासाला अडवायचं तर वाफ हवीच, न उडणारा पदार्थ त्याला हवेत कळणार कसा? म्हणजे हवी आहे ती बेताची, सावकाश होणारी गळती. पुदिना सगळी शिल्लक पहिल्या दहा मिनिटांत उधळून टाकतो.

२ मार्च
‘जास्त लावलं की जास्त टिकेल’ हे तपासलं. पाच, दहा, वीस टक्के. वेळ वाढला, पण दुप्पट मात्रेला दुप्पट नाही. हिशेब मांडल्यावर कारण कळतं. जाळीवर जेवढं तेल शिल्लक असेल त्याच्या प्रमाणात ते उडतं. समजा, अर्धं तेल उडायला दहा मिनिटं लागतात. मग मात्रा दुप्पट केली की दहाच मिनिटं वाढतात. आणखी दुप्पट केली की पुन्हा दहाच. तासाभराची भर घालायची तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्टपट! वीस टक्क्यांच्या चौसष्टपट बाटलीत मावत नाही. दहा मिनिटं हा आकडा उदाहरणादाखल आहे, पण तर्क तोच. डीटच्या बाबतीतही साधारण पन्नास टक्क्यांपुढे काळ फारसा वाढत नाही, असं अमेरिकेच्या सीडीसीचं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचं, सांगणं आहे.

म्हणजे मात्रा वाढवण्याचा रस्ता बंद. उडण्याचा वेगच कमी करायला हवा.

४ मार्च
आज खिडकीच्या अर्ध्याच भागावर तेल लावलं, मध्ये खडूने रेघ. डास लावलेल्या अर्ध्याकडे आले नाहीत, पण रेघेपलीकडे, हाताच्या बोटाएवढ्या अंतरावर, खुशाल उतरले. मनगटी पट्ट्या का चालत नाहीत ते या एका खिडकीत दिसतं. मनगट वाचेल, कोपर आणि घोटा उघडाच. अंगाला लावायचं तर उघड्या त्वचेचा कोपरा न् कोपरा झाकला पाहिजे. कानामागे दोन थेंब लावून भागत नाही.

७ मार्च
डासाला हा वास नेमका कसा ‘दिसतो’, यावर जोडीदारीण आणि मी दोन मतांच्या. तिचं म्हणणं, तेल माणसाचा वास झाकतं. माझं म्हणणं, तेलाचा वासच डासाला नकोसा होतो. २०१९ मध्ये करंट बायॉलॉजी या नियतकालिकात ॲनोफिलिसवरचं (मलेरिया पसरवणाऱ्या डासावरचं) काम आलंय, त्यात दोघींना थोडं थोडं श्रेय मिळतं. गवती चहाचं तेल आणि युजेनॉल डासाच्या शृंगिकांमधल्या गंधपेशी थेट जाग्या करतात. डीट मात्र त्या पेशींना जवळजवळ शिवत नाही. ते माणसाच्या वासाच्या पदार्थांत मिसळून त्यांचंच हवेत उडणं कमी करतं, म्हणजे वास लपवतं. डीट पायांनी चाखल्यावरही डास उठतो, ती आणखी निराळी वाट.

कॅटनिप या मांजरांना भुलवणाऱ्या वनस्पतीतल्या नेपेटालॅक्टोनची कथा वेगळीच. २०२१ मध्ये दाखवलं गेलं की ते कीटकांच्या टीआरपीए१ या ग्राहीला चेतवतं. हा ग्राही चुरचुरणाऱ्या, आग करणाऱ्या गोष्टी ओळखतो. म्हणजे डासाला तो सुगंध नसून झोंबणं आहे. कॅटनिप आमच्या यादीत नाही याची आज पहिल्यांदा हळहळ वाटली.

११ मार्च
व्हॅनिलिन. अत्तरवाले सुगंध धरून ठेवायला जे जड पदार्थ वापरतात त्यांतलाच हा एक. डासांच्या मलमांतही पाच टक्के व्हॅनिलिन घालून तेलांचा टिकाऊपणा वाढल्याचे अहवाल आहेत. इथेनॉलमध्ये सहज विरघळतं. सिट्रोनेलात घालून पाहिलं, आणि वेळ चांगलाच लांबला. लवंगेतही लांबला. थोडं जास्त घातलं तेव्हा इथेनॉल उडाल्यावर जाळीवर पांढरे सुईसारखे स्फटिक दिसायला लागले. कातडीवर हे खरखरीत लागेल.

दुसरी बॅच पेट्रोलियम जेलीत. हीसुद्धा उडणं मंदावते, पण इतकी मंदावते की सुरुवातीलाच वाफ कमी पडते आणि चुकार मादी येऊन टेकते. शिवाय गरम दिवसात अंगाला जेली कोण फासून घेणार? वापरणारा कंटाळला की औषध कितीही गुणी असो, डब्यातच राहतं. व्हॅनिलिनवालं इथेनॉलचं द्रावण पुढे न्यायचं ठरलं.

पाण्यात ढवळून फवारा करायच्या कृती सगळीकडे दिसतात. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. शेवटच्या फवाऱ्यात मग निव्वळ तेल अंगावर येतं आणि कातडी भाजते. तेल आणि पाणी एकत्र धरणारा पॉलिसॉर्बेटसारखा दुवा घातल्याशिवाय तो खटाटोप करू नये.

१६ मार्च
लिंबू-निलगिरी. आतापर्यंत हिच्याबद्दल लिहिलं नाही, कारण पहिल्या फेरीत ती सिट्रोनेलाच्याच पंगतीला बसली. बसणारच, तेलात मुख्य घटक सिट्रोनेलालच. मग सीडीसीने २००५ मध्ये डीटच्या जोडीला लिंबू-निलगिरीच्या नावाने शिफारस केली ती कशाची?

झालं असं की १९६०च्या दशकात चीनमध्ये वनस्पतींची सरसकट चाळणी चालली होती. लिंबू-निलगिरीचं सुगंधी तेल काढून घेतल्यावर जो टाकाऊ भाग उरतो, त्यात डासांना रोखणारा पदार्थ मिळाला. पॅरा-मेंथेन-३,८-डायॉल, थोडक्यात पीएमडी. सगळे सुगंधाकडे बघत होते आणि माल उरलेल्या चोथ्यात होता! झाडाच्या ताज्या तेलात तो फार थोडा असतो, पण सिट्रोनेलालपासून करता येतो. बाजारातलं ‘ऑइल ऑफ लेमन युकॅलिप्टस’ हे असं पीएमडी वाढवलेलं, शुद्ध केलेलं द्रव्य. नाव जवळजवळ तेच, वस्तू वेगळी.

१८ मार्च
करून पाहिलं. लिंबू-निलगिरीचं तेल सौम्य गंधकाम्लात घालून सतत ढवळत ठेवलं. आम्लामुळे सिट्रोनेलालची साखळी वळून तिचं कडं होतं आणि पाण्याचा एक रेणू जोडला जातो. वजन १५४ वरून १७२. फार फरक नाही, पण रेणूवर आता दोन हायड्रॉक्सिल गट आले. ते शेजारच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. उडणं तिथेच मंदावतं. आम्ही व्हॅनिलिनच्या टेकूने जे करत होतो ते इथे रेणूच्या आतच झालंय.

तेल-थर वेगळा करून सोडा बायकार्बच्या द्रावणाने धुतला, फसफस थांबेपर्यंत. टीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या) पट्टीवर डाग बघायला फवारा लागतो व्हॅनिलिन-गंधकाम्लाचा. तेच व्हॅनिलिन, आता दुसऱ्या नोकरीत. सिट्रोनेलालचा डाग फिका पडलेला, खाली नवा ठसठशीत डाग. थंडाव्यात ठेवल्यावर घट्ट, पांढरट गोळा धरला. लिंबाचा उग्र वास जवळपास गेला, पुदिन्याच्या जवळ जाणारा मंद गार वास आहे. हुंगणाऱ्याला वाटेल, यात काही दम नाही.

२३ मार्च
पीएमडीची चाचणी. गवती चहाची आणि सिट्रोनेलाची खिडकी केव्हाच भरली, व्हॅनिलिन-लवंगेचीही भरली, पीएमडीची रिकामीच. दुपार उलटल्यावर पहिली मादी टेकली. डीटला गाठलं नाही, पण बाकी सगळ्यांना मैलभर मागे टाकलं. २००२च्या लेखात, मुख्य चाचण्या संपल्यावर तपासलेल्या निलगिरीपासूनच्या एका उत्पादनाची सुमारे दोन तासांची नोंद आहे, तिच्याशी आमचं चित्र विसंगत नाही.

आता हे ‘नैसर्गिक’ म्हणायचं का, यावर विभागात चहापानाला वाद झाला. गंधकाम्लातून गेलेली वस्तू नैसर्गिक कशी, असं एका सरांचं म्हणणं. डासाला हा प्रश्न पडत नाही, आणि कातडीलाही पडत नाही. लवंगतेल शंभर टक्के नैसर्गिक आहे आणि निव्वळ लावलं तर चट्टे उठवतं.

२६ मार्च
सुरक्षिततेचं पान. सिट्रालने, म्हणजे गवती चहाच्या मुख्य घटकाने, काहींना त्वचेची ॲलर्जी येते. आधी कोपराच्या आत छोटी चाचणी. बर्गमॉट किंवा पिळून काढलेलं लाइमचं तेल लावून उन्हात जायचं नाही, त्यातले फ्युरोकुमारिन उन्हात कातडी पोळवतात. तीन वर्षांखालच्या मुलांना लिंबू-निलगिरीचं द्रव्य किंवा पीएमडी लावायचं नाही. मुलांच्या हाताच्या पंजांना काहीच नको, हात डोळ्यांत जातात. घरात मांजर असेल तर ही तेलं तिच्या अंगाला मुळीच नकोत, खोलीत उडवत ठेवणंही नको. मांजराचं यकृत यांतले बरेच घटक नीट निकामी करू शकत नाही.

३० मार्च
उरलेले डास पिंजऱ्यासकट फ्रीझरमध्ये. ट्रे उकळत्या पाण्याने धुतले, अंड्यांच्या पट्ट्या जाळल्या. कोरडी अंडी तशीच फेकली तर पुढच्या पाण्याला तयारच.

नमुन्याच्या बाटलीसाठी लेबल लिहायला घेतलं. जोडीदारिणीला वर मोठ्या अक्षरात ‘गवती चहा व लवंग’ हवं होतं, पानाच्या चित्रासकट. चित्राला माझी हरकत नाही. पण मोठ्या अक्षरात ‘दर अर्ध्या तासाने पुन्हा लावा’ जाईल, घटक खाली बारीक. पीएमडीच्या बाटलीवरचा वेळ अजून कोरा आहे, माणसाच्या कातडीवर मोजल्याशिवाय तो भरता येणार नाही. त्यासाठी नैतिकता समितीचा अर्ज सोमवारी द्यायचा. मॅडमची सही झाली आहे.